मधुमेहींचा दात-इम्प्लांट : साखर आवरा, हाडाला वेळ द्या

गेल्या पावसाळ्यात वस्तीतल्या आमच्या तपासणीला एक मावशी आल्या. बोलताना सारखा पदर तोंडावर. काय झाले विचारले तेव्हा त्यांनी कनवटीची कागदाची पुडी सोडली. आत दाताचा इम्प्लांट होता, करंगळीच्या नखाएवढा, स्क्रूसारखे आटे असलेला.

"तिसऱ्या महिन्यात हातात आला," मावशी म्हणाल्या. "डॉक्टर म्हणतात, तुमचं हाडच खराब."

'तीन दिवसांत पक्के दात' असा फलक वाचून त्या गेल्या होत्या. त्यासाठी कानातले मोडले होते. मधुमेह नऊ वर्षांचा. तिथे साखर तपासली होती का, असे विचारल्यावर म्हणाल्या, "बोटातून एकदा रक्त घेतलं आन् म्हणाले, चालंल." आम्ही त्यांची एचबीएवनसी तपासणी करून घेतली. आकडा आला १०.४.

मावशींचे हाड खराब नव्हते. त्या हाडाला साखरेने गांजले होते आणि घाईने सावरू दिले नाही. २०२३ साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीत देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचे दिसले. त्यांतल्या कितीतरी जणांचे दात लवकर पडतात आणि आता इम्प्लांटच्या जाहिराती तालुक्याच्या स्टँडपर्यंत आल्या आहेत. म्हणून हा विषय आम्ही या वेळी घेतला आहे.

इम्प्लांट टिकतो कशावर?

इम्प्लांट म्हणजे टायटॅनियम धातूचे कृत्रिम मूळ. जबड्याच्या हाडात भोक पाडून ते बसवतात आणि त्यावर नंतर दात चढवतात. त्याला सिमेंट लागत नाही. हाडच वाढून धातूला घट्ट बिलगते आणि त्याला धरून ठेवते. यालाच ऑसिओइंटिग्रेशन म्हणतात.

हा शोध अपघाताने लागला. स्वीडनचे पेर-इंगवार ब्रोनेमार्क १९५२ साली सशाच्या पायातील हाडाचा रक्तप्रवाह पाहत होते. त्यासाठी हाडात टायटॅनियमचा एक छोटा भाग बसवला होता. काम झाल्यावर तो निघेना, कारण हाड त्याला चिकटून बसले होते. १९६५ साली त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात इम्प्लांट बसवले. तो माणूस चाळीस वर्षे त्या दातांनी जेवला. ब्रोनेमार्क यांची पद्धत मात्र सबुरीची होती. इम्प्लांट बसवल्यावर खालच्या जबड्याला तीनेक महिने आणि वरच्या जबड्याला सहाएक महिने विश्रांती द्यायची, मग दात चढवायचा. वरच्या जबड्याचे हाड जास्त सच्छिद्र असते, म्हणून त्याला वेळ जास्त.

आता इम्प्लांटचा पृष्ठभाग खरखरीत करतात, त्यामुळे हाड लवकर धरते. निरोगी माणसात काही वेळा दीड-दोन महिन्यांत दात चढवता येतो. निवडक रुग्णांत लगेचही चढवतात. पण 'निवडक' हा शब्द फलकावर लिहिलेला नसतो.

साखर हाडाचे काय करते?

इम्प्लांट बसवतो त्या दिवशी त्याला पकड मिळते ती केवळ आटे हाडात रुतल्यामुळे, लाकडात स्क्रू पिळल्यासारखी. पुढच्या दोन-चार आठवड्यांत भोकाभोवतीचे दुखावलेले जुने हाड शरीर खाऊन टाकते आणि त्या जागी नवे हाड बांधते. जुने गेलेले, नवे अजून कोवळे, असा हा काळ असतो. या काळात सगळ्यांचीच पकड थोडी कमी होते आणि मग वाढत जाते. मधुमेह आटोक्यात नसेल तर ही घट जास्त खोल जाते आणि भरून यायला जास्त वेळ लागतो. याची चार कारणे आहेत.

१. रक्तातली जास्तीची साखर प्रथिनांना चिकटते. हाडाचा सांगाडा कोलॅजन नावाच्या प्रथिनाचा असतो. साखर चिकटलेले कोलॅजन कडक आणि ठिसूळ होते, त्यावर नवे हाड नीट धरत नाही.

२. हाड बांधणाऱ्या पेशी मंदावतात. सूज मात्र टिकून राहते आणि त्या सुजेमुळे हाड खाणाऱ्या पेशींना जोर येतो. गवंडी कमी आणि पाडकाम करणारे जास्त, अशी गत होते.

३. बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. जखमेपर्यंत प्राणवायू आणि पोषण कमी पोचते.

४. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सुस्त होतात. जखम पिकण्याची भीती वाढते.

एचबीएवनसी या तपासणीतही साखर चिकटलेलेच प्रथिन मोजतात. रक्तातल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली, ते त्या आकड्यावरून कळते. जे हिमोग्लोबिनचे होते, तेच हाडातल्या कोलॅजनचेही होत असते. म्हणून हा आकडा केवळ डॉक्टरांच्या फाइलसाठी नाही, आपल्या हाडाची हालहवाल त्यावरून समजते.

मधुमेह असला म्हणजे इम्प्लांट होणारच नाही का?

तसे नाही. २०१४ साली अमेरिकेतल्या दंतवैद्यांनी ११७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सगळ्यांचे दात गेलेले होते आणि प्रत्येकाच्या खालच्या जबड्यात दोन इम्प्लांट बसवले होते. काहींना मधुमेह नव्हता, काहींचा आटोक्यात होता, तर काहींची एचबीएवनसी ८ च्या वर होती. वर्षभरानंतर तिन्ही गटांतले जवळजवळ सगळे इम्प्लांट जागेवर होते. फरक पडला तो वेळेत. साखर जितकी जास्त, तितका पकड पुन्हा मिळवायला हाडाला वेळ जास्त लागला.

यावरून 'साखर कितीही असू द्या, चालते' असा अर्थ कोणी काढू नये. साखर आवाक्याबाहेर असलेला गट लहान होता, खालच्या जबड्याचा पुढचा भाग सर्वांत दणकट असतो आणि हिशेब एकाच वर्षाचा होता. पुढे हिरडी सुजून इम्प्लांटभोवतीचे हाड झिजण्याचा धोका मधुमेहींना जास्तच राहतो. पण मुद्दा नीट ध्यानात घ्यावा : मधुमेहीचे हाड भरते, उशिरा भरते. मावशींच्या बाबतीत साखर १० च्या वर होती आणि दात तिसऱ्या दिवशी चढवला होता. हाडाला दोन्हींकडून मार बसला.

एचबीएवनसी किती हवी?

हा आकडा गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो. ६ म्हणजे सरासरी साखर साधारण १२६, ७ म्हणजे १५४, ८ म्हणजे १८३, ९ म्हणजे २१२. बहुतेक प्रौढांसाठी ७ च्या आसपास हे ध्येय असते. वयस्कर किंवा इतर आजार असलेल्यांना डॉक्टर थोडी सूट देतात. आकडा ८ च्या वर असेल तर इम्प्लांट घाईचा नाही, आधी साखर खाली आणावी. दात नसल्याने जीव जात नाही. थांबता येते.

इथे विदर्भातल्या वाचकांना एक खास सूचना. आपल्या समाजात सिकलसेल आहे. सिकलसेलच्या आजारात तांबड्या पेशी लवकर फुटतात, साखर चिकटायला त्यांना पुरते दिवसच मिळत नाहीत आणि एचबीएवनसी खोटी कमी दिसते. ६.५ वाचून आपण निर्धास्त राहतो आणि साखर प्रत्यक्षात वर असते. केवळ वाहक असलेल्यांतही काही यंत्रांवर आकडा चुकू शकतो. उलट लोहाच्या कमतरतेमुळे रक्त कमी असेल तर आकडा खोटा जास्त येऊ शकतो. म्हणून सिकलसेलचे कार्ड असेल तर ते दातांच्या डॉक्टरांनाही दाखवावे. उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर वेगवेगळ्या दिवशी तपासून तिची वही ठेवावी. फ्रुक्टोसामीन नावाची वेगळी तपासणीही असते, तिच्याबद्दल डॉक्टरांना विचारावे.

तीन महिने आधीपासूनची तयारी

हाडाची मशागत इम्प्लांटच्या आधी सुरू होते.

साखर : गोळ्या किंवा इन्सुलिन वेळेवर. आकडा एका आठवड्यात पाडायचा म्हणून स्वतःहून डोस वाढवू नये, साखर एकदम उतरून चक्कर येते. एचबीएवनसी बदलायला तीन महिने लागतात, तेवढे द्यावेत.

हिरड्या : हिरड्यांतून रक्त किंवा पू येत असेल तर आधी दात साफ करून घ्यावेत आणि हिरड्यांचा उपचार पूर्ण करावा. हिरड्यांचा उपचार केल्यावर एचबीएवनसीसुद्धा साधारण ०.३ ते ०.४ ने उतरल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे. तोंड साफ तर साखर सोपी.

तंबाखू : हे बोलायला कडू आहे, पण बोललेच पाहिजे. विडी, गुटखा, मावा, खर्रा आणि आपल्या आयाबहिणींची मिसरी, सगळे सोडावे लागेल. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात. मधुमेहाने आधीच कमी झालेला रक्तपुरवठा आणखी घटतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी टपरीवर काय मिळते ते आपल्याला ठाऊक आहे. सुपारीने तोंड उघडायचे कमी झाले असेल तर इम्प्लांटचे हत्यारही आत जात नाही. तोंडात तीन बोटे उभी मावत नसतील तर ते आधी दाखवावे.

आहार : हाड नुसत्या कॅल्शियमचे नसते, त्याला प्रथिने लागतात. डाळ, चणे, सोयाबीन, अंडी, मासे, दूध-दही रोजच्या जेवणात असावे. काट्यासकट खाल्ले जाणारे छोटे मासे, तीळ आणि नाचणी यांतून कॅल्शियम मिळते. नाचणीनेही साखर वाढते, म्हणून भाकरी मोजून.

ड जीवनसत्त्व : आपल्याकडे त्याची कमतरता फार आढळते. दिवसभर घरात किंवा कारखान्यात काम करणाऱ्यांनी तपासून घ्यावे. कमी असेल तर डॉक्टर सांगतील तेवढेच घ्यावे. जास्त झाले तर तेही अपायकारक.

औषधांची यादी : घेत असलेली प्रत्येक गोळी पिशवीसकट दाखवावी. हाडे ठिसूळ झाल्यावर देतात ती अ‍ॅलेन्ड्रोनेटसारखी गोळी किंवा झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडचे इंजेक्शन घेतलेल्यांत क्वचित जबड्याचे हाड सडू शकते, म्हणून ते आवर्जून सांगावे. सांधेदुखीसाठीचे स्टिरॉइड साखर वाढवते आणि हाडही पोखरते. मधुमेहाच्या पायोग्लिटाझोन या गोळीने काही जणांत, विशेषतः स्त्रियांत, हाडे कमजोर होतात. यांतले काहीही स्वतःहून बंद करू नये. सांगणे आपले काम, बदलणे डॉक्टरांचे.

खुर्चीत बसण्याआधी विचारायचे प्रश्न

आपली माणसे पांढरा कोट पाहिला की गप्प बसतात. आम्ही वीस वर्षे वॉर्डात हेच पाहिले. प्रश्न विचारणे हा उद्धटपणा नाही, तो रुग्णाचा हक्क आहे. हे पाच प्रश्न कागदावर लिहून न्यावेत :

१. माझी एचबीएवनसी पाहून तुम्ही हे ठरवले आहे का?
२. दात लगेच चढवणार की हाड भरेपर्यंत थांबणार? किती महिने?
३. दात चढवण्याआधी इम्प्लांटची पकड यंत्राने मोजणार का? या मोजणीला आयएसक्यू म्हणतात. ७० च्या वरचा आकडा चांगला, ६० च्या खाली असेल तर अजून थांबावे.
४. इम्प्लांट कोणत्या कंपनीचा? त्याचे स्टिकर आणि पावती मला मिळेल का?
५. इम्प्लांट निघाला तर पुढचा खर्च कोणाचा?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर लेखी घ्यावे. मावशींकडे पावतीसुद्धा नव्हती.

त्या दिवशी आणि त्यानंतर

सकाळची वेळ मागावी. भुलीचे इंजेक्शन फक्त तोंडात असेल तर उपाशी जाऊ नये. नाश्ता करून आणि नेहमीचे औषध घेऊन जावे. गुंगीचे औषध देणार असतील आणि उपाशी राहायला सांगितले असेल, तर मधुमेहाच्या गोळ्यांचे काय करायचे ते आदल्या दिवशी विचारावे. खुर्चीत बसण्याआधी साखर तपासावी. ती ७० च्या खाली किंवा २०० च्या बरीच वर असेल तर काम पुढे ढकललेले बरे. पिशवीत तीन चमचे साखर किंवा ग्लुकोजची पुडी ठेवावी. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली तर ती पाण्यातून घ्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे.

पहिले दोन दिवस जोरात चूळ भरू नये, थुंकू नये, स्ट्रॉने पिऊ नये. गालावरून बर्फ फिरवावा. चोवीस तासांनंतर कोमट मिठाच्या पाण्याच्या हलक्या गुळण्या. डॉक्टरांनी दिले असेल तर क्लोरहेक्सिडीनचे औषध. जेवण मऊ आणि कोमट : मुगाची पातळ खिचडी, पिठले, उकडलेले अंडे, दही. चावता येत नाही म्हणून नुसती पेज, चहा-बिस्किटे आणि केळी खाल्ली तर साखर चढते. दुखते म्हणून जेवण टाळले आणि गोळी मात्र घेतली, तर साखर उतरते. दोन्ही चुका आम्ही पुष्कळ वेळा पाहिल्या आहेत.

पौर्णिमेला अष्टशील घेऊन दुपारनंतर न जेवणाऱ्यांनी या काळात तसे राहू नये. आजाऱ्याने औषध आणि पथ्य पाळणे धम्माच्या विरुद्ध नाही.

पहिला आठवडा रोज साखर तपासावी, जखमेमुळे ती वाढू शकते. तिसऱ्या दिवसानंतर सूज उतरण्याऐवजी वाढली, ताप आला, पू आला, खालचा ओठ बधिरच राहिला, इम्प्लांट हलला किंवा साखर ३०० च्या वर गेली, तर वाट न पाहता डॉक्टर गाठावा. पुढे हाड भरेपर्यंत त्या बाजूने चावू नये. दात चढल्यावर दर तीन ते सहा महिन्यांनी दाखवावे. इम्प्लांटभोवतीचे हाड झिजते तेव्हा बरेचदा दुखत नाही, फक्त ब्रश करताना रक्त दिसते. तेवढी खूण पुरेशी आहे.

महागड्या जोडण्यांचे काय?

'हाड लवकर भरण्यासाठी' म्हणून काही गोष्टी वेगळ्या पैशांत सांगितल्या जातात. पीआरएफ म्हणजे आपल्याच हाताचे रक्त यंत्रात फिरवून काढलेली साय. ती जखमेत भरतात. सुरुवातीच्या आठवड्यांत तिचा थोडा फायदा काही अभ्यासांत दिसला आहे आणि धोका कमी आहे. हाडच कमी असेल तर हाडाची पूड भरावी लागते, ती वेगळी गरज. खरखरीत आणि पाणी लवकर धरणाऱ्या पृष्ठभागाचे इम्प्लांट मधुमेहीला उपयोगी पडू शकतात. इन्सुलिन किंवा मेटफॉर्मिन थेट हाडाजवळ लावण्याचे प्रयोग बहुतांशी प्राण्यांवर झाले आहेत. ते कोणी आज विकत देत असेल तर दूर राहावे.

यांतली एकही गोष्ट साखरेची जागा घेऊ शकत नाही. ओल्या भिंतीवर महागडा रंग टिकत नाही. आधी ओल थांबवावी लागते.

इम्प्लांटच हवा का?

नेहमीच नाही. काढता-घालता येणारा दात किंवा शेजारच्या दातांवर बसवलेला ब्रिज हेही खरे उपचार आहेत, त्यात कमीपणा नाही. सगळे दात गेलेल्यांना खालची कवळी फार हलते. त्यांना पूर्ण तोंडभर इम्प्लांटऐवजी खाली फक्त दोन इम्प्लांट बसवून त्यांवर कवळी अडकवता येते. खर्च पुष्कळ वाचतो आणि भाकरी चावता येते. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. खाजगी दवाखान्यात पैसे भरण्याआधी तिथे एकदा दाखवून यावे आणि इम्प्लांटच्या साहित्याचा खर्च वेगळा पडतो का, तेही तिथेच विचारावे.

मावशींनी मिसरी सोडली. त्याला दोन महिने लागले, मध्ये दोनदा पुन्हा सुरूही झाली. गोळ्यांची वेळ त्यांच्या नातीने भिंतीवर लिहून ठेवली आहे. पाच महिन्यांनी एचबीएवनसी ७.६ आली. सध्या त्या काढता-घालता येणारा दात लावतात. इम्प्लांट पुन्हा करायचा की नाही, हे त्या हाडाचा एक्स-रे पाहून आणि पैसे साठवून ठरवणार आहेत. या वेळी प्रश्नांचा कागद त्यांच्या कनवटीला आहे.

लक्षात ठेवा :
• मधुमेहीचे हाड भरते, पण उशिरा. त्याला पूर्ण वेळ मागून घ्या.
• एचबीएवनसी ८ च्या वर असेल तर आधी साखर, मग इम्प्लांट.
• सिकलसेल असेल तर एकट्या एचबीएवनसीवर विसंबू नका.
• तंबाखू, गुटखा, मिसरी बंद.
• हिरड्यांचा उपचार आधी.
• पावती, स्टिकर आणि लेखी हमी घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.